रेम झोपेचे एकच रसायन असते का?

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही झोपेवर बोलत होतो. फळ्यावर मेंदूची आकृती काढली, हायपोथॅलॅमसच्या जागी एक ठिपका दिला आणि सांगितले, "इथे ओरेक्सिन नावाचे पेप्टाइड तयार होते. ते असले की माणूस जागा राहतो, नसले की झोपतो." प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, मग हे ओरेक्सिन चहात घालून दिले तर आमच्या वर्गातला कुंभकर्ण जागा राहील का?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पेप्टाइड पोटात गेले की डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते, असे उत्तर देऊन आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न आमची पाठ सोडेना. बाईंनी आमच्याच वाक्याचा सरळ अर्थ लावला होता. एका रसायनाने जाग येत असेल, तर ते रसायन दिले की काम झाले! दोष त्यांच्या प्रश्नात नव्हता, आमच्या वाक्यात होता. शिवाय त्या 'कुंभकर्णा'विषयी आम्ही काहीच विचारले नाही, ही दुसरी आणि अधिक मोठी चूक. या लेखात त्या वाक्याची झडती घ्यायची आहे. असली वाक्ये वृत्तपत्रांत, पाठ्यपुस्तकांत आणि आम्हा संशोधकांच्या भाषणांतही सर्रास आढळतात. 'जोड्या जुळवा' या प्रश्नात ती फार सोयीची असतात: मेलॅटोनिन – झोप, डोपामीन – आनंद, ओरेक्सिन – जाग. प्रश्न एवढाच आहे की, ती खरी आहेत का?

रेम झोप म्हणजे काय?

रात्रभराची झोप एकसारखी नसते. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवले की, झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांखाली बुबुळे झपाझप हलू लागतात. अ‍ॅसेरिन्स्कींनी सुरुवातीच्या नोंदी आपल्या आठ वर्षांच्या मुलावरच घेतल्या होत्या. बुबुळांच्या या जलद हालचालींच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून या झोपेला 'रेम' हे नाव पडले. त्या वेळी माणसाला जागे केले तर बहुतेक वेळा तो स्वप्न सांगतो. प्रौढ माणसात रेमची पाळी सुमारे ९० मिनिटांनी येते आणि एकूण झोपेचा २० ते २५ टक्के भाग ती व्यापते. नवजात बाळाची तर जवळजवळ अर्धी झोप रेम असते.

१९५९ साली फ्रान्समधील लियाँ शहरात मिशेल जूव्हे यांना मांजरांमध्ये आणखी एक गोष्ट आढळली. या झोपेत मेंदूचा विद्युत आलेख जागेपणासारखा दिसतो, पण शरीराचे स्नायू पार ढिले पडलेले असतात. मेंदू जागा आणि देह लुळा! जूव्हेंनी म्हणूनच तिला 'विरोधाभासी झोप' म्हटले. स्नायूंचे हे ढिले पडणे लक्षात ठेवावे. लेखाच्या शेवटी त्याचा संबंध थेट आपल्या वर्गाशी येणार आहे.

रसायनाचा शोध

झोपेमागे एखादे रसायन असावे ही कल्पना याहून जुनी आहे. १९०९ साली जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी यांनी आणि १९१३ च्या सुमारास फ्रान्समध्ये आंरी पिएराँ यांनी कुत्र्यांना दीर्घकाळ जागे ठेवले. त्यांच्या मेंदूचा अर्क किंवा मेंदूभोवतीचा द्रव दुसऱ्या, ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला. ती कुत्री झोपली. यावरून जागेपणी मेंदूत एखादे 'निद्राविष' साठत असावे, असा तर्क निघाला.

पुढे हे विष शोधायला अनेकजण निघाले. हार्वर्डमध्ये जॉन पॅपनहायमर यांनी जागवलेल्या बकऱ्यांच्या मेंदूद्रवात झोप आणणारा एक घटक असल्याचे दाखवले. तो पुरेसा मिळावा म्हणून शेवटी माणसांच्या लघवीतून शुद्ध केला गेला. १९८२ साली त्याची ओळख पटली, तेव्हा तो निघाला म्युरामिल पेप्टाइड, म्हणजे चक्क जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचा तुकडा. संसर्ग झाल्यावर आपल्याला गुंगी का येते यावर त्याने मोलाचा प्रकाश टाकला, पण तो मेंदूने स्वतः तयार केलेला झोपेचा दूत नव्हता.

बाझेलमध्ये मार्सेल मोनिए आणि गिडो श्योनेनबर्गर यांनी सशांच्या मेंदूतून परतणाऱ्या रक्तामधून ९ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड वेगळे केले. त्याची रचना १९७७ मध्ये ठरली आणि 'डेल्टा निद्राकारी पेप्टाइड' असे भारदस्त नाव त्याला मिळाले. पण एका प्रयोगशाळेत झोप वाढे, तर दुसरीकडे काहीच होत नसे. ते तयार करणारे जनुकही हाती लागेना. २००६ साली त्याचा आढावा घेणाऱ्या संशोधकांनी त्याला 'अजून न सुटलेले कोडे' म्हटले. नाव आधी दिले आणि पुरावा नंतर शोधत बसलो, असे येथे झाले.

तिसरे उदाहरण खास रेम झोपेचे. व्हीआयपी हे २८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड १९७० साली डुकराच्या आतड्यातून मिळाले होते. नंतर ते मेंदूतही सापडले. १९८० च्या दशकात जूव्हेंच्या प्रयोगशाळेत आणि मेक्सिकोत असे दिसले की, ते मेंदूच्या पोकळीत टोचल्यास प्राण्यांची रेम झोप वाढते. मग व्हीआयपी हेच रेमचे रसायन का मानू नये? कारण मेंदूच्या पोकळीत टोचलेले द्रव्य मेंदूभर पसरते. एरवी जेथे ते कधीच पोचत नाही तेथेही पोचते. शेतात पाट फोडला की पीक भिजते हे खरे, पण त्यावरून रोजचे पाणी कोणत्या चारीने येते ते कळत नाही.

पेप्टाइडाची चाल

येथे थोडे थांबून न्यूरोपेप्टाइड कसे काम करते ते पाहू या. अ‍ॅसिटिलकोलीन, गाबा यांसारखी लहान चेतापारेषके चेतापेशीच्या टोकाशीच तयार होतात, क्षणार्धात बाहेर पडतात आणि तितक्याच वेगाने उचलली किंवा मोडली जातात. पेप्टाइडाचे तसे नाही. अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या मुख्य भागात एका मोठ्या प्रथिनातून कापून तयार होते, पुटिकांत भरली जाते आणि लांबच्या टोकापर्यंत वाहून न्यावी लागते. पेशी जोरात आणि सतत उद्दीपित झाली तरच ती सहसा बाहेर पडते. बाहेर पडल्यावर ती दूरवर झिरपते आणि तिचा परिणाम बराच काळ टिकतो.

म्हणजे चेतापारेषक हे फोनवरच्या बोलण्यासारखे आहे, तर पेप्टाइड हे गावात दिलेल्या दवंडीसारखे. नॉन-रेममधून रेममध्ये जाण्याचा क्षण ठरवायला बोलणे लागते. गावाची एकूण वृत्ती ठरवायला दवंडी चालते. शिवाय बहुतेक पेप्टाइडवाहक पेशी आपल्या पेप्टाइडाबरोबर एखादे लहान पारेषकही सोडतात. त्यामुळे 'ही पेशी चेतवली म्हणून अमुक झाले' यावरून 'पेप्टाइडामुळे झाले' असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

तीन कसोट्या

एखादे द्रव्य रेम झोप घडवते असे म्हणायचे असेल, तर तीन प्रश्न विचारावेत. त्या वेळी ते हजर असते का? ते वाढवल्यास रेम वाढते का? आणि ते काढून घेतल्यास रेम थांबते का? आमच्या अनुभवाने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली की लोक बातमी छापून मोकळे होतात. तिसऱ्यापर्यंत कोणी थांबत नाही.

या कसोट्या मेलॅनिन-कॉन्सन्ट्रेटिंग हॉर्मोन, थोडक्यात एमसीएच, याला लावून पाहू. हे पेप्टाइड १९८३ साली सामन माशाच्या पीयूषिका ग्रंथीत सापडले. माशाची त्वचा ते फिकट करते. सस्तन प्राण्यांत ते हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागातील चेतापेशींत तयार होते. २००३ साली लियाँच्या संशोधकांनी उंदरांना आधी रेम झोपेपासून वंचित ठेवले आणि मग झोपू दिले. रेमची थकबाकी वसूल होत असताना या एमसीएच पेशी मोठ्या संख्येने कामाला लागलेल्या दिसल्या. २००९ साली माँट्रियलमध्ये अशा एकेका पेशीची नोंद घेतली गेली. जागेपणी त्या जवळजवळ गप्प होत्या आणि रेममध्ये सर्वाधिक बोलत होत्या. पहिली कसोटी उत्तीर्ण.

२०१३ साली प्रकाशाने चेतवता येतील अशा एमसीएच पेशी असलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. रेम सुरू होत असताना त्या पेशी चेतवल्या की रेमची पाळी लांबली. दुसरी कसोटीही उत्तीर्ण. पण त्याच प्रयोगात या पेशी गप्प केल्या, तेव्हा रेमची पाळी आखूड झाली नाही. २०१४ साली जपानी संशोधकांनी प्रौढ उंदरांतील एमसीएच पेशी नष्टच केल्या. रेम झोप घटली नाही, घटली ती नॉन-रेम. तिसरी कसोटी नापास!

मग रेममध्ये या पेशी एवढ्या बोलतात तरी कशासाठी? २०१९ मध्ये एक अनपेक्षित उत्तर पुढे आले. रेममध्ये या पेशी बंद केल्यास उंदरांना आदल्या गोष्टी अधिक चांगल्या आठवत होत्या. म्हणजे या पेशींचे एक काम विसरायला लावणे हे असावे. 'रेमचे रसायन' म्हणून त्यांच्या नावापुढे खूण करून आपण थांबलो असतो, तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. सोप्या जोडीने शोधाचा दरवाजा बंद होतो, ही आमची मुख्य तक्रार आहे.

याहून जुना पुरावा तर आमच्या शिबिरातल्या ठिपक्यालाच धक्का देतो. जूव्हेंनी १९६० च्या आसपास मांजरांच्या मेंदूचा पुढचा भाग, हायपोथॅलॅमससकट, मागच्या मस्तिष्कस्तंभापासून तोडला होता. तरीही पाळीपाळीने स्नायू ढिले पडणे आणि डोळे हलणे ही रेमची लक्षणे मस्तिष्कस्तंभात चालूच राहिली. रेमचा मूळ कारखाना मस्तिष्कस्तंभातल्या पॉन्स या भागात आहे. तेथे गाबा, ग्लुटामेट, अ‍ॅसिटिलकोलीन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचा खेळ चालतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशी रेममध्ये गप्प होतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बीरेंद्रनाथ मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले की, या पेशींचा परिसर सौम्य विजेने चेतवत ठेवला तर उंदरांची रेम झोप घटते. हायपोथॅलॅमसची पेप्टाइडे या कारखान्याची वेळ, मुदत आणि शिस्त ठरवतात. कारखाना त्यांनी उभारलेला नाही.

ओरेक्सिनची खरी गोष्ट

आता आमच्या वाक्यातले ओरेक्सिन. १९९८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील एका गटाने आणि फेब्रुवारीत टेक्सासमधील दुसऱ्या गटाने ही पेप्टाइडांची जोडी स्वतंत्रपणे जाहीर केली. पहिल्यांनी तिला 'हायपोक्रेटिन' म्हटले. दुसऱ्यांना तिने उंदरांची भूक वाढलेली दिसली, म्हणून ग्रीक भाषेतील भुकेच्या शब्दावरून त्यांनी 'ओरेक्सिन' हे नाव दिले. दोन्ही नावे आजही चालतात. म्हणजे येथेही नाव एका कामावरून पडले आणि प्रसिद्धी दुसऱ्याच कामाने मिळाली.

ती मिळाली १९९९ साली. स्टॅनफर्डमध्ये डॉबरमन जातीच्या काही कुत्र्यांना आनुवंशिक नार्कोलेप्सी होती. खाऊ समोर आला की आनंदाने ती कोसळत. त्यांच्यात ओरेक्सिनच्या एका ग्राहीचे जनुक बिघडलेले आढळले. त्याच वर्षी ओरेक्सिनचे जनुक काढून टाकलेले उंदीर रात्री चालता चालता अचानक पडताना अवरक्त कॅमेऱ्याने टिपले. २००० साली माणसांची पाळी आली. बहुतेक रुग्णांच्या मेंदूद्रवात हे पेप्टाइड सापडेना. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत त्याच्या पेशी ८५ ते ९५ टक्के कमी होत्या. निरोगी मेंदूत या पेशी असतात तरी किती? सुमारे ५० ते ८० हजार. ८६ अब्ज चेतापेशींच्या मेंदूत ही संख्या म्हणजे समुद्रातली ओंजळ. बहुधा शरीराची प्रतिकारसंस्थाच त्यांचा घात करते.

ही तर आमच्या वाक्याची बाजू झाली, असे कोणी म्हणेल. एक पेप्टाइड गेले आणि एक रोग झाला. इन्शुलिन आणि मधुमेहासारखेच. तरीही येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट निसटते. ओरेक्सिन रेमला नुसते दाबत असते, तर ते नसताना रेमचा पूर यायला हवा होता. नार्कोलेप्सीच्या रुग्णाची चोवीस तासांतली रेम मोजली, तर ती साधारण इतरांइतकीच भरते. एकूण झोपही फारशी वाढत नाही. बिघडते ती सीमा. झोप लागल्यावर तासा-दीड तासाने येणारी रेम त्याला पंधरा मिनिटांच्या आत गाठते. दिवसा झोप घुसते आणि रात्री जाग घुसते. रेममधला स्नायूंचा ढिलेपणा एकटाच सुटून भर जागेपणी अवतरतो. यालाच कॅटाप्लेक्सी म्हणतात.

दाराची कडी मोडली की दार वाऱ्याने उघडते आणि मिटते. दिवसभरात ते एकूण किती वेळ उघडे राहिले ते मोजले तर फारसा फरक दिसणार नाही. फरक एवढाच की आता ते आपल्या मर्जीने चालत नाही. ओरेक्सिन ही कडी आहे. जागेपणी ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, हिस्टामीन, सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींना आधार देते आणि रेमचे दार अवेळी उघडू देत नाही. कडी मोडल्याने घोटाळा झाला, म्हणून कडीनेच दार बनवले असे कोणी म्हणत नाही. रोगाचे कारण एक असू शकते. तेवढ्यावरून कार्याचे कारणही एकच आहे असे ठरत नाही.

हा शब्दच्छल नाही. २०१४ साली ओरेक्सिनचे ग्राही अडवणारे सुव्होरेक्सन्ट हे निद्रानाशावरचे औषध अमेरिकेत मान्य झाले. 'ओरेक्सिन म्हणजे जाग' एवढेच मानणाऱ्याला ते निव्वळ झोपेचे औषध वाटेल. कडीची कल्पना मनात असणाऱ्याला मात्र लगेच शंका येईल की, कडी ढिली केली तर रेमचे तुकडे बाहेर येणार नाहीत का? त्या औषधाच्या माहितीपत्रकात झोपेच्या सीमेवर अंग लुळे पडणे, भास होणे आणि कॅटाप्लेक्सीसारखी दुर्बलता याबद्दल इशारा दिलेला आहेच. नार्कोलेप्सीच्या रुग्णाला तर ते देऊच नये असेही त्यात म्हटले आहे.

आणि बाईंच्या चहाचे काय? ओरेक्सिन पोटात पचते आणि रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही, हे आमचे उत्तर बरोबर होते, पण अपुरे. त्याच्या ग्राहीवर काम करणारी, पोटातून घेता येणारी लहान रेणूंची औषधे तयार करण्याचे प्रयत्न झाले. त्यांपैकी एका औषधाची चाचणी २०२१ साली यकृतावरील परिणामांमुळे थांबवावी लागली. दुसऱ्या एका औषधाचे आशादायक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे बाईंनी हसतहसत विचारलेला प्रश्न हा एका चांगल्या संशोधनाचा विषय होता.

वर्गातला कुंभकर्ण

आता आमची दुसरी चूक. नार्कोलेप्सी बहुधा दहा ते पंचवीस या वयात, म्हणजे शाळा-कॉलेजच्या वर्षांत सुरू होते. पाश्चात्त्य देशांतल्या मोजणीप्रमाणे दोन ते चार हजार माणसांत एकाला ती असते. तिचे निदान व्हायला पुष्कळदा आठ-दहा वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात मुलाला आळशी, मंद, नाटकी ही विशेषणे चिकटून जातात. झोपेच्या सीमेवरचे भास त्याने घरी सांगितले, तर बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात.

पेंगणारे प्रत्येक मूल रोगी नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. कुमारवयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. पहाटेची शिकवणी, रात्रीचा टीव्ही आणि मोबाइल, घरकाम, रक्तक्षय ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. पण रात्री पुरेसे झोपूनही मूल रोज न आवरणाऱ्या झोपेने कोसळत असेल, खळखळून हसताना त्याचे गुडघे वाकत असतील, जबडा किंवा मान लटकत असेल आणि त्या वेळी त्याला सगळे ऐकू येत असेल, तर त्याला ओरडू नये. पालकांना बोलावून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. रात्रभर झोपेचा आलेख घेऊन आणि दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतराने झोपायला सांगून ही तपासणी होते. रोग पुरता बरा होत नसला, तरी औषधे आणि दिवसातून एक-दोनदा ठरवून घेतलेली डुलकी यांनी मूल शिकू शकते. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे झोपू देणे ही शाळेने करायची फार मोठी गोष्ट नाही.

'ओरेक्सिन असले की जाग, नसले की झोप' या वाक्याचा तोटा येथे दिसतो. ते ऐकलेला शिक्षक दिवसभर झोपणारे मूल शोधेल. हसता हसता खाली बसणारे आणि रात्री वारंवार जागे होणारे मूल त्याच्या नजरेतून सुटेल. वाक्य सोपे केल्याने ते मूल आणखी काही वर्षे बाकावर ओरडा खात राहील.

म्हणून आम्ही फळ्यावरचे वाक्य बदलले आहे. आता आम्ही लिहितो: 'रेम झोप मस्तिष्कस्तंभात घडते. ती केव्हा यावी, किती टिकावी आणि जागेपणात घुसू नये, यावर हायपोथॅलॅमसमधील ओरेक्सिन, एमसीएच यांसारखी पेप्टाइडे इतर अनेक पारेषकांच्या सोबतीने नियंत्रण ठेवतात.' हे वाक्य लांब आहे आणि जोड्या जुळवायला निरुपयोगी आहे. विद्यार्थ्यांना मात्र त्यासोबत तीन कसोट्या द्याव्यात आणि 'अमुक गोष्टीचे रसायन सापडले' अशी पुढची बातमी त्यांच्याकडूनच तपासून घ्यावी. हजर होते का, वाढवल्याने वाढले का, काढल्याने थांबले का? नववीच्या मुलांना हे नक्की जमते.

त्या बाईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. चहाच्या प्रश्नाचे पुरे उत्तर दिले आणि शेवटी एक प्रश्न विचारला: तुमचा तो विद्यार्थी हसताना कधी खाली बसतो का?